पाटावर पुजलेलं पिस्तोल

१

सक्करदऱ्याच्या तलावामागं एक गल्ली हाय. त्या गल्लीत रुपराव सुताराले ओळखत नाही असा माणूस सापडत नाही, अन त्याच्या बोलण्यावर भरोसा ठेवते असाबी सापडत नाही. बहात्तर वर्साचा बुढा, पण अंगात किडे शाळेतल्या पोट्ट्यावानी. गेल्या पोळ्याची गोष्ट. शेजारचा गणपतराव ओसरीत सँडली काढून आत चाय प्याले बसला. रुपरावनं दोन बारीक खिळे घेतले अन दोन्ही सँडली ओसरीच्या फळीले ठोकून ठेवल्या. गणपतराव बाहेर आला, पट्टे लावले, पाय उचलते तं पाय उठत नाही. "लकवा मारला बाप्पा मले!" म्हणून जे बोंबलला, अर्धी गल्ली गोळा झाली. रुपराव असा हसला असा हसला का त्याची कवळी चायच्या कपात पडली.

प्रेमिलाबाई, त्याची बायको, म्हणली, "तुमी मरसान ना, तवा बी लोक म्हणतीन मशकरी करून राहिला. कोणी खांदा द्याले येणार नाही."

"मी चालत जाईन वं. तू फक्त मडकं धर."

असं त्याईचं. ओसरीतच रुपरावचं दुकान, तिथंच हत्याराची पेटी. खाटेचे पाय, स्टुलं, दाराची फळी, असलं बारीकसारीक काम अजून करते. अन रोज सकाळी साडेसहाले फोन. तांदळाच्या डब्याले फोन टेकवून ठेवाचा, समोर चाय, अन मंग अमेरिकेतला पोरगा दिसते. ऋषिकेश. आधी बुटीबोरीत कंपनीत होता, आता टेक्सासात. सून भावना, इथल्याच महाल भागातली पोरगी. अन नात वैभवी, सात वर्साची, मराठी बोलते पण एकेक शब्द उचलून उचलून. इकडं सकाळचे साडेसहा, तं तिकडं कालच्या रात्रीचे आठ.

"आपला पोरगा कालमधी राहते," प्रेमिलाबाई म्हणते. तिले ते काही केल्या पटत नाही.

२

दसऱ्याच्या दिवशी फोनासाठी म्हणून पूजा पहाटेच मांडली. पाटावर पांढरं फडकं, फडक्यावर करवत, रंधा, लाकूड तासाचा वाकस, दोन पटाश्या, गिरमिट अन हातोडी. सात हत्यारं. वरून रुपराव मुठीमुठीनं हळद-कुंकू उधळते. त्याचा बापबी असंच करे. ते फडकं मंग वर्षभर पेटीच्या बुडाले अंथरलेलं राहते.

फोनात ऋषिकेश म्हणला, "बाबा, माह्याकडंबी एक हत्यार हाय औंदा."

"कायचं? कॉम्प्युटरचं बटन?"

तो उठून गेला अन हातात काळं पिस्तोल घेऊन आला. खेळण्यातलं वाटलं रुपरावले. मंग भावनाचं तोंड दिसलं, अन समजलं का खेळण्यातलं नाही.

"हे काहून घेतलं?"

"मागच्या गल्लीत चोरी झाली बाबा."

"मंग कुलूप घ्याचं."

"इकडं सगळ्याईकडं असते. समोरच्या बुढ्याकडं सात हायेत."

"सात? काय करते सात घेऊन? सोमवारचं येगळं, मंगळवारचं येगळं?"

"शनिवारी गेलो, घेऊन आलो. अर्धा घंटा लागला. एका बाजूले मासे पकडाचे गळ, एका बाजूले हे."

"मले रेशन कार्डावर नाव चढवाले सहा महिने लागले रे! अन तुले जीव घ्याची मशीन अर्ध्या घंट्यात?"

रुपरावच्या डोक्यात सणक गेली होती. पण त्याची खोड अशी का राग आला का त्याची मशकरी होते. तो हसला अन म्हणला, "वा वा! बाप लाकडं कापते, पोरगा माणसं कापन. ठेव मंग, ठेव पूजेत. हत्यार हाय ना तुहं? लाजतं काहून?"

ऋषिकेशलेबी झोंबलं असन. त्यानं ते पिस्तोल खरंच फोनासमोर टेबलावर ठेवलं. रुपरावनं अंगठा कुंकवात बुडवला अन फोनाच्या काचेवर, बराबर त्या पिस्तोलावर दाबला. "घ्या! टेक्सासचा वाकस पुजला."

"पाटावर मशकरी नोको करत जा म्हणून चाळीस वर्सापासून सांगून राहिली मी," प्रेमिलाबाई म्हणली, अन पदरानं काच पुसून टाकली.

३

पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी रिकामं ठेवाचं नाही, ही रुपरावच्या बापाची शिस्त. काम असो नसो, एकेकाले त्याचं काम द्याचं. करवतीनं चार बोटं लाकूड, रंध्यानं एक साल, पटाशीनं एक खाच, गिरमिटानं एक भोक. मंगच ते पेटीत जाते.

रुपराव ओसरीत बसला अन एकेक हत्यार उचलत गेला. हत्यार उचललं का त्याच्याखाली फडकं पांढरंच राहते, भोवताल लाल-पिवळं. करवतीचा लांब आकार, रंध्याचा चौकोन. सातवी हातोडी उचलली. सगळ्याईले काम झालं.

फडक्यावर आठ आकार होते.

आठवा हातोडीच्या बाजूले. वीतभर लांब, अन एका टोकाले खाली वळलेला.

"गुण्या असन," रुपराव स्वताशीच म्हणला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन मापाचं लोखंड, तेबी असंच वळलेलं राहते. पण गुण्या तं भितीवर खिळ्याले लटकून होता, त्याच्यावरची धूळबी हालली नव्हती. तरी त्यानं गुण्या काढला अन त्या आकारावर ठेवून पायला. नाही बसला. गुण्याचं पातं बारीक. याचं एक आंग जाड होतं, अन खालचं आंग सरळ नव्हतं, जरासं मागं झुकलं होतं. हातात नीट बसावं म्हणून झुकवते तसं.

त्यानं फडकं झटकलं. लाल झटकलं गेलं, पिवळं झटकलं गेलं. आकार गेला नाही.

"कोणं केलं हे?" तो आत पाहून वरडला. "प्रेमिला! फडक्यावर काय ठेवलं होतं वं?"

"माहं डोक्स ठेवलं होतं. पोहे झाले, या."

बुढा पाटासमोरून उठला नाही. दुसऱ्याले येडं बनवनारा माणूस, त्याले कोणी येडं बनवलं का लय राग येते. त्याले वाटलं, गणपतरावनं सँडलीचा बदला घेतला. दिवसभर तो गणपतरावशी बोलला नाही. गणपतराव बिचारा तीन दिवसापासून पोरीकडं महालात होता, हे संध्याकाळी समजलं.

४

फडकं पेटीत गेलं, वरून हत्यारं. पण रोज सकाळी पेटी उघडली का हत्यारं कडेले सरकून राह्यची, अन मधात तो वळलेला आकार मोकळा. खाटेवर चौघं झोपले अन पाचव्यासाठी जागा ठेवली, तसं. रुपराव हत्यारं मधात आणे. सकाळी परत कडेले.

"पेटी हालते असन," तो म्हणे. "रस्त्यानं ट्रक जाते." गल्लीत ट्रक शिरत नाही हे त्याले माहीत होतं. माणसाचं डोक्स असंच राहते, जे नाही ते आधी धरते.

पाचव्या दिवशी त्यानं फोनात इचारलं, "ते पिस्तोल कुठी ठेवतं रे?"

"वरच्या खोलीतल्या कपाटात, लोखंडी डब्यात. नंबराचं कुलूप हाय बाबा. माह्याशिवाय उघडत नाही."

"दाखव."

"रात्रीच्या वेळी काय लावलं तुमी!"

"दाखव म्हणलं ना!"

ऋषिकेश फोन घेऊन वर गेला. कपाट, कपाटात डबा, डब्याचे नंबर दाबले, झाकण उघडलं. आत काळ्या फोमात पिस्तोल.

त्याच्या पाठीवर कुंकू होतं. एक अंगठा.

"भावनानं लावलं असन," ऋषिकेश म्हणला.

खालून भावनाचा आवाज आला, "मी हातबी नाही लावत त्याले!"

"जवळ आण," रुपराव म्हणला. ऋषिकेशनं फोन जवळ नेला. अंगठ्याच्या मधातून तिरपी पांढरी रेघ गेली होती. रुपरावनं आपला उजवा अंगठा वर केला. तरणा होता तवा पटाशी घुसली होती, टाके पडले होते, तिथून तिरपी रेघ. तो एकदा अंगठ्याकडं पाहे, एकदा फोनाकडं.

"पुस ते," त्यानं सांगतलं.

ऋषिकेशनं रुमालानं पुसलं. आणखी पुसलं. "जात नाही बाबा. कोणतं कुंकू आणता तुमी?"

५

मंग रुपराव बदलला. मशकऱ्या बंद. गणपतराव दोन खेपी मुद्दाम ओसरीत सँडली काढून बसला, तरी त्याईले कोणी हात लावला नाही. "आजारी हाय का बे?" गणपतराव म्हणला. "जीव गमत नाही तुहा आवाज आयकल्याशिवाय."

एका सकाळी वैभवी फोनावर आली. केसाईले रिबिनी. "आबाजी, आज स्कूलमधी आमी लपलो."

"लपाछपी?"

"नाही. बंदूकवाला माणूस येतो ना, त्याची प्रॅक्टिस. टीचरनं लाईट बंद केला, दाराले टेबल लावला. आमी सगळे भितीजवळ. कोणी रडायचं नाही, कोणी खोकलायचं नाही. मी फर्स्ट आली."

"काहात फर्स्ट आली वं माय?"

"चूप बसण्यात."

रुपरावच्या हातातला चाय गार झाला. पोरगी हसून राहिली होती, तिचा एक दात पडला होता समोरचा. आपल्या गल्लीतले पोट्टे याच वयात फर्स्ट येते ते पाढ्यात, नाही तं धावण्यात.

"ऋषिकेशले बोलाव," तो म्हणला. ऋषिकेश आला, अन बुढ्यानं त्याले धरलंच. "लेकराईले मरण घोकवून राहिले तिकडं अन तू घरात तेच मरण आणून ठेवलं? आजच्या आज काहाडून टाक ते!"

"तुमाले समजत नाही बाबा. रक्षणासाठी हाय ते."

"कोणापासून?"

"ज्याच्याकडं हाय त्याच्यापासून."

"सगळ्याईकडं हाय म्हणतं ना तू? म्हणजे सगळ्याईपासून. मंग समोरचा बुढा कोणापासून सात ठेवते? तुह्यापासूनच ना? मूर्खाहो, एकमेकाले भेऊन भेऊन तुमी दुकानदाराचं घर भरून राहिले! अन लेकरू भितीले टेकून श्वास रोखून राहिलं!"

"मी नाही ठेवलं तं काय होईन? एकटा मीच येडा ठरन."

"ठर येडा! मी जन्मभर येडा ठरलो, काय बिघडलं?"

मंग त्यानं आवाज खाली आणला. फडक्याचं सांगतलं, पेटीतल्या जागेचं सांगतलं, अंगठ्याची रेघ सांगतली. ऋषिकेश आयकत राहिला, अन शेवटी हसला. "बाबा, भारी हाय. कुंकू कसं पोचवलं तेवढं सांगा. भावनाले हाताशी धरलं ना?"

रुपरावनं फोन आपटला. फोन फुटला नाही म्हणून आणखी राग आला.

६

रात्रंदिवस एकच गोष्ट त्याच्या डोक्यात. सातही हत्याराईले दुसऱ्या दिवशी काम भेटलं. आठव्याले नाही भेटलं.

ज्या तोंडानं काहाडून टाक म्हणलं त्याच तोंडानं मंग त्याले म्हणावं लागलं, "ऋषिकेश, एकदा चालव रे ते. मातीत मार, कुठीबी मार. पण चालव."

"आता चालव म्हणता?" ऋषिकेशले हसू आवरेना. पण रविवारी तो गेला, नेम मारायच्या जागी. कागदाचा माणूस लटकवलेला राहते तिथं. पन्नास गोळ्या मारल्या. कागदाचा फोटोबी धाडला, छातीत भोकंच भोकं. खाली लिहिलं, खूश?

सोमवारी सकाळी रुपरावनं पेटी उघडली. हत्यारं कडेले. मधात जागा मोकळी, अन आकार पायल्यापेक्षा पांढरा, आत्ताच धुतल्यावानी.

प्रेमिलाबाई ओसरीत आली तं बुढा पेपराचा पन्ना मांडीवर घेऊन त्याच्यावर करवत चालवून राहिला होता.

"हे काय चाललं तुमचं?"

"कागद कापून राहिलो."

"करवतीनं?"

"हो. झालं का करवतीचं काम?"

"येडे झाले का? कागद काय करवतीचं काम हाय?"

रुपरावनं करवत खाली ठेवली. "मंग त्याचं काम काय हाय वं प्रेमिला? त्या पिस्तोलाचं?"

ती मंग हळूच भुसकटातच खाली बसली, नवी साडी असून. मंग ती उठली, अन बुढ्याले न इचारता पेटीच्या कडीत कुलूप घातलं. तिनं कधी हत्याराले हात लावला नव्हता.

"त्या मेल्या दुकानदाराच्या घरी जाओ ते," ती म्हणली. इतक्या रागानं ती नवऱ्यालेबी कधी बोलली नव्हती.

७

आठ दिवस कुलूप तसंच राहिलं. काम आलं तं रुपराव नाही म्हणे. नवव्या दिवशी सकाळी, सहा वाजले असतीन, तो चूळ भरत होता अन त्याले वाटलं, पेटीत काही तरी सरकलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज नव्हता तो. फडक्यावरून कोणी हात फिरवावा तसा होता.

"उंदीर," तो म्हणला. अन चावी आणाले आत गेला.

पेटी उघडली. आकार तिथंच होता. पण त्याचं मागं झुकलेलं आंग आता कोरं नव्हतं. त्याच्यावर चार लाल ठसे होते. एकाखाली एक, आडवे, गुंडाळून धरल्यावानी.

बोटं होती. अन बारकी होती. रुपरावनं आपली करंगळी बाजूले ठेवून पायली. करंगळीहून बारकी.

फोन लावताना तीन खेपी भलतंच बटन दाबलं गेलं. तिकडं साडेसात. भावनानं उचलला, हाताले कणीक. "बाबा, आज लवकर? हे ऑफिसातून यायचे हायेत अजून."

"वैभवी कुठी हाय?"

"वर. चित्र काढून राहिली असन."

"कोणत्या खोलीत?"

भावनानं गॅस बंद केला. बुढ्याच्या आवाजात मशकरी नव्हती, अन हे तिले नवऱ्याच्या आधी समजलं. "बाबा, काय झालं?"

"वर जाय. पायी जाऊ नोको, धाव!"

फोन तिच्या हातातच होता. रुपरावले जिना दिसला, छत दिसलं, परत जिना. मंग खोली. वैभवी गादीवर भितीले टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली. कपाटाचं दार लोटलेलं. भावनानं ते उघडलं. लोखंडी डबा बंद, कुलूप जसंच्या तसं.

"बंद हाय बाबा," ती म्हणली. श्वास लागला होता तिले. "बंद हाय."

"उघड."

"नंबर तं हे मले सांगत..." ती थांबली. नंबर तिले माहीत होता. लग्नाची तारीख. तिनं दाबली. झाकण वर आलं. पिस्तोल फोमात नीट पडलं होतं, कुंकवासकट.

"हाय बाबा. इथंच हाय." ती रडल्यावानी हसली. मंग, आतापर्यंत जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. एक बोट लावून पायलं. अन बोट झटकन मागं घेतलं.

"काय झालं?"

"गरम हाय हे."

"गरम? चालवल्यासारखं?"

"नाही. तसं नाही." ती शब्द शोधत होती. "अंग गरम असते ना बाबा. तसं."

रुपरावच्या मागं प्रेमिलाबाई येऊन उभी होती. तिनं त्याचा खांदा धरला. तो म्हणला, "वैभवीकडं फोन धर." फोन फिरला. पोरगी तशीच बसून होती, भितीले पाठ, तोंड घट्ट मिटलेलं. फर्स्ट येणारी पोरगी.

"माहं पिल्लू," बुढा म्हणला, "आबाजीले हात दाखव."

तिनं मान हालवली. नाही.

"आबाजी रागावत नाही. दाखव माय."

तिनं हळूच उजवा हात मांडीखालून काढला. आतून लाल होता, चारही बोटं. पंजा अजून मिटलेलाच, पूर्ण उघडत नव्हता, जसं काही धरून ठेवल्यावर बोटं अवघडते.

"तू घेतलं होतं का ते?" भावनानं इचारलं.

वैभवी आईकडं न पाहता फोनाकडं पाहत म्हणली, "आबाजी, मी नाही त्याले पकडलं. त्यानं मले पकडलं."

एवढा वेळ ओसरीत चिमण्याईचा गलका होता, तोबी रुपरावले आयकू येणं बंद झालं.

"भावना," तो म्हणला, "पोरीले उचल. चप्पल घालू नोको, पर्स घेऊ नोको. जशी हाय तशी घराबाहेर निंग. आत्ता!"

तिनं उचललं. फोन तिच्या मुठीत उलटासुलटा, जिना, पोरीचे केस, जमीन. दार उघडल्याचा आवाज आला. मंग फोन सरळ झाला अन बाहेरचा रस्ता दिसला. अंधार पडला होता तिकडं. एकसारखी घरं, एकसारखे दिवे, एकेका घरासमोर एकेक झाड. सगळ्या घराईची दारं बंद. समोरच्या बुढ्याच्या खिडकीचा पडदा जरासा बाजूले झाला अन तसाच राहिला.

"थांबू नोको," रुपराव वरडला. "निंग!"

भावना उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"कुठी निंगू बाबा?" ती म्हणली. "कोणत्या घरात नाही ते?"

रुपरावच्या तोंडात भलीमोठी शिवी आली. ती कोणाले द्याची, हेच त्याले समजेना.